मोहिनी हलली

१

एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या पाच लेन्स घेतल्या तर त्या पाचही सारख्या असतील असं कोणालाही वाटेल. तशा त्या नसतात. एक मधोमध छान दिसते आणि डाव्या कोपऱ्यात ढेपाळते. दुसरीचा उजवा काठ मऊ पडतो. तिसरी सगळीकडे बरी, पण चौथीच्या शेजारी ठेवली की तिचं बरेपण उघडं पडतं. आमच्या धंद्यात त्यांना कॉप्या म्हणतात. फोटोग्राफर मंडळी हौसेने डबा फोडतात, आणि मग हॉलमध्ये नवरीची नथ धूसर आली की माझ्याकडे धावत येतात. शहाणी असतात ती आधी येतात.

मी लीलाधर. जुन्या जळगावात माझं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान. पूर्वी तिथे स्टुडिओ होता. मोबाइल आल्यावर पासपोर्ट फोटोलाही कोणी फिरकेना, तेव्हा लेन्स उघडून साफ करणं, बुरशी काढणं आणि तपासून देणं एवढंच काम ठेवलं. मुक्ताईनगरपासून धुळ्यापर्यंतचे लग्नवाले माझ्याकडे येतात. इतरांना न दिसणारा फरक लीलाधरला दिसतो, असं ते एकमेकांना सांगतात. मी ते कधी नाकारलेलं नाही.

मे महिन्यात धुळ्याच्या तनवीरने पाच लेन्स आणून माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. त्याच्या हाताखाली चार जण. पाच कॅमेरे, पण अल्बम एकच, म्हणून पाचही लेन्स एकसारख्या हव्यात.

"लीलाधरभाऊ, उन्नीस-बीस चालेल," तो म्हणाला, "पण एकीत नवरी गोरीपान आणि दुसरीत धुक्यात, असं नको. गुरुवारी येतो मी."

माझी तपासायची रीत ठरलेली आहे. आधी कागद. भुसावळ विभागाचं एक जुनं रेल्वे वेळापत्रक मी प्लायवूडच्या फळीवर चिकटवून ठेवलंय. मुंगीएवढे आकडे, उभ्या-आडव्या बारीक रेघा. मधला भाग आणि चारही कोपरे त्यावर लगेच कळतात. पण कागद सपाट असतो आणि लग्न माणसांचं लागतं. म्हणून दुसरी चाचणी माणसावर.

त्यासाठी एक लोखंडी खुर्ची आहे. तिचे पाय कुठे यायचे ते फरशीवर रंगाने आखलेलं आहे. छताच्या कडीतून गवंड्याचा ओळंबा सोडलाय, तो कॅमेऱ्यापासून बरोबर नऊ फुटांवर लोंबतो. मी लेन्सची रिंग हाताने फिरवून ओळंब्याच्या दोऱ्यावर फोकस धरतो आणि रिंगला चिकटपट्टी लावून टाकतो. खुर्चीवरच्या माणसाने दोरा कपाळाला टेकेल इतकं पुढे यायचं आणि गप्प बसायचं. मग दोऱ्याचा पीळ आणि त्या माणसाच्या पापण्या, दोन्ही स्वच्छ आल्या पाहिजेत. पाचही लेन्समधून सारख्याच स्वच्छ.

२

तो माणूस म्हणजे माझी बायको मोहिनी. माहेर मुक्ताईनगरचं. लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं ती या खुर्चीवर बसते. कपाळ कुठे आणायचं, नजर कुठे ठेवायची, काही सांगावं लागत नाही. तक्रार एकच: ती हलते. दहा फोटोंत दोन-तीन तरी तिच्यामुळे वाया जातात, असं माझं मत होतं.

त्या दिवशी बाहेर ऊन मी म्हणत होतं. फोटो काढताना मी कूलर बंद करतो, कारण त्याच्या थरथरीने तिपाई हलते. कूलर थांबला की खोली एकदम रिकामी वाटते.

"झालं का तुमचं?" मोहिनीने विचारलं. "कणीक मळून ठेवलीय मी."

"ओठ हलवू नको."

पहिल्या लेन्सने तीन फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. दोऱ्याचा पीळ असा स्वच्छ की मोजून घ्यावा. पापण्या मात्र मऊ.

"हललीस."

"मी नाही हालली."

पुन्हा काढले. पुन्हा तेच. या लेन्समध्ये खोट आहे म्हणावं तर दोरा कसा सुरेख आला? मी दुसरी लावली. तिसरी. पाचव्या लेन्सपर्यंत माझं बनियन घामाने भिजलं होतं. दोरा स्वच्छ, पापण्या मऊ; आणि मऊपणा पाचांतही अगदी तेवढाच. शेवटी शटरचा वेग इतका वाढवला की चालता पंखासुद्धा फोटोत थांबलेला दिसावा. एवढ्यात माणूस हलला तरी कळणार नाही. तरीही पापण्या मऊच.

मी डोळा कॅमेऱ्याला लावून रिंगेची पट्टी काढली आणि हळूहळू फिरवत तिच्या पापण्या शोधल्या. त्या सापडल्या तेव्हा दोरा विरघळून गेला होता. रिंगेवरचा आकडा वाचला. दहा फुटांच्या जरा पुढे.

कॅमेऱ्यावरून डोळा काढून पाहिलं. मोहिनी खुर्चीवर बसलेली होती आणि नऊ फुटांवरचा दोरा तिच्या कपाळाला टेकलेला होता.

"उठू का?" ती म्हणाली.

मी हो म्हणालो. ती आत गेली, आणि मी बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत बसलो. कूलर लावायचंही सुचलं नाही.

३

मी काही भाबडा माणूस नाही. रिंगेवरचे आकडे फार काटेकोर नसतात, हे मला कोणी शिकवायला नको. कॅमेऱ्यात काही सरकलं असेल, तिपाई बसली असेल, काचेत गडबड असेल. एक-एक शक्यता घ्यायची आणि खोडायची, हेच माझं काम. मी कॅमेरा बदलला. नऊ फूट टेपने दोनदा मोजले. दुपारी शेजारचे झुलाल आबा पेपर वाचायला आले, त्यांनाही सोडलं नाही.

आबा मूळचे अमळनेरचे. सारं आयुष्य एसटी चालवली, आता निवृत्त. माझ्या दुकानातला पेपर ते माझ्याआधी वाचतात आणि नीट घडीही घालत नाहीत. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मी स्वतः जाऊन दोरा त्यांच्या कपाळाला टेकवला.

"मी बठेल शे ना," आबा कुरकुरले. "आखो कितलं बठू?"

"आबा, एक मिनिट."

"फोटु चांगला काढ मंग. माले पासबुकवर लावना शे."

आबांच्या पापण्या, पापण्यांवरचा पांढरा केस, नाकावरचा चष्म्याचा वण, सगळं स्वच्छ आलं. पाचही लेन्समधून. रिंग नऊ फुटांवर. म्हणजे कॅमेरा ठीक, लेन्स ठीक, खोली ठीक.

"मोहिनी, दोन चहा!" मी आत हाक मारली.

कूलर बंद होता म्हणून असेल, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं. हाक आत गेली. आबांनी पेपर उचलला, पान उलटलं, चष्मा पुसला. मग आतून "आले" असं आलं. आमचं घर काही मोठं नाही. दुकानातून बोळ निघतो आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. अकरा पावलं, फार तर बारा. कधीकाळी स्टुडिओच्या वायरी टाकताना मोजलेली.

चहा आला तो कोमट. वर साय धरलेली.

"चहा थंडा व्हई गया ना, बेटा," आबा म्हणाले.

"आत्ताच उतरवला, आबा," मोहिनी म्हणाली. तिला थोडा दम लागलेला दिसला. आबांनी चहा एका घोटात संपवला आणि पेपर तसाच टाकून ते घरी गेले.

थंड चहावरून मी तिला कित्येक वर्षं बोलत आलोय, हे मला तेव्हा आठवलं. काय बोलत आलोय तेही आठवलं, आणि ते इथे लिहावंसं वाटत नाही.

४

दुसऱ्या दिवशी तनवीरचं काम बाजूला सारून मी जुने फोटो काढले.

तपासणीचा एकही फोटो मी पुसत नाही. डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हापासूनचे सगळे आहेत, वर्षावार लावलेले. खुर्ची तीच, नऊ फूट तेच, आणि खुर्चीवर मोहिनी. मधल्या काळात कॅमेरे बदलले, म्हणून फोटो नुसते शेजारी ठेवून उपयोग नव्हता. त्यापेक्षा साधं माप घेतलं. खुर्चीची लोखंडी पाठ सोळा इंच रुंद आहे, ती काही वाढत नाही. तिच्या दोन बुबुळांमधलं अंतर त्या पाठीत किती वेळा बसतं, ते मोजायचं.

सुरुवातीच्या वर्षात साडेसहा वेळा बसलं.

तीन वर्षांनंतरच्या फोटोत साडेसहाहून जरा जास्त. नंतर पावणेसात. मग सात. कालच्या फोटोंत जवळपास साडेसात.

मी पंखा वाढवला, पाणी प्यालो आणि पुन्हा मोजलं. मोहिनी बारीक झाली असेल, असं मी स्वतःलाच म्हणालो, मोठ्याने. बायका उतारवयात बारीक होतात, जाड होतात. पण वजन उतरलं तरी माणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर कमी होत नाही. ते कमी दिसायला माणसाने लांब जावं लागतं.

या फोटोंत प्रत्येक वर्षाची एक वेगळी फाइल आहे. वाया गेलेल्या फोटोंची. नाव मीच दिलेलं: 'मोहिनी हलली'. पहिल्या वर्षी तिच्यात चार फोटो होते. मग नऊ. मग तीस. गेल्या वर्षी दोनशेच्या वर. ते मी एक-एक उघडून बघितले. एकाही फोटोत ती हललेली नव्हती. हललेल्या माणसाच्या कडेला सावलीसारखी दुहेरी रेघ येते. नवशिक्यालाही ती ओळखता येते. इथे रेघ नव्हती. ती स्थिर बसलेली होती, डोळे उघडे ठेवून, मी सांगितलं होतं तशी. फक्त फोकसच्या मागे.

लेन्सवाला माणूस मी. दोन कॉप्यांमधला केसाएवढा फरक पकडतो म्हणून लोक धुळ्याहून येतात. आणि समोर बसलेल्या बाईत एवढा फरक पडत गेला, तर तो दर वेळी तिच्या नावावर टाकून मी मोकळा झालो. मला स्वतःची फार लाज वाटली. आणि लाजेच्या खाली भीती होती, ती तोवर मी मान्य केलेली नव्हती. मोहिनी कुठे चालली होती? आणि किती उरली होती?

५

गुरुवारी तनवीर आला. मी त्याला वेळापत्रकाचे फोटो दाखवले, आबांचे दाखवले. पाचही लेन्स एकमेकींना धरून होत्या.

"काय संच मिळालाय भाऊ!" तो खूश झाला. "पाच बहिणी जणू. माझ्या कंपनीवाल्याला सांगतो, लीलाधरभाऊंनी पास केलं."

मग माऊस त्याच्याच हातात होता म्हणून तो पुढे सरकला आणि मोहिनीचे फोटो उघडले. मी त्याला थांबवलं नाही. दुसऱ्या कोणाला तरी ते दिसायला हवे होते, आणि दिसू नयेत असंही वाटत होतं.

तनवीर स्क्रीनकडे झुकला. त्याने मान तिरकी केली.

"ही दुसरी खुर्ची आहे का? मोठी?"

"तीच आहे. का रे?"

"नाही, वहिनींना ती जरा मोठी दिसते. शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर पोरगी बसावी तशी." तो हसला, पण लगेच थांबला. "त्यांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"चहा नको आज," तो उठत म्हणाला. मी अजून विचारलंही नव्हतं. पाचही लेन्स त्याने पिशवीत भरल्या आणि जाताना बोळाच्या तोंडाशी थांबून आत पाहिलं. "वहिनी, येतो," त्याने हाक दिली. उत्तराची वाट बघत तो दारातच उभा राहिला. मग घड्याळ पाहिलं, आणि मला सलाम करून गेला.

त्याची गाडी सुरू होऊन कोपऱ्यावर वळल्यानंतर आतून आवाज आला, "या हं, तनवीरभाऊ."

६

मी मोहिनीला बोलावलं. ती आली, पदराने मान पुसत. काम नसतानाही सवयीने जाऊन खुर्चीवर बसली. मी कॅमेऱ्यावर कापड टाकलं होतं.

डॉक्टरकडे जाऊ या, असं म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"चहा थंड का होतो, मोहिनी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कोणी फार उशिरा विचारलं की आपण पाहतो तसं.

"मी उकळता घेऊन निघते," ती म्हणाली. "निवतो वाटेत."

"अकरा पावलांत?"

"अकरा तुमची."

"तुझी किती?"

"आज सकाळी चोपन्न झाली."

बाहेर भंगारवाल्याची हाक ऐकू येत होती. ती पूर्ण गल्ली ओलांडून गेली.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं ना. पहिल्यांदा पंधरा झाली त्या दिवशीच सांगितलं. इथंच बसली होती मी. तुम्ही म्हनले, हलू नको."

मला तो दिवस आठवेना. असे दिवस फार होते.

"आता इथे बसलीस तर किती लांब वाटतोय मी?"

तिने अंदाज घेतला, भाजी निवडताना घेते तसा. "इथं बरं आहे. खुर्चीवर बसली की जवळ येते मी. तुम्ही बघता ना तेव्हा. उठली की पुन्हा लांब."

"आणि घरात? रात्री?"

"तुम्ही कुठं असता घरात?"

हे खरं होतं. उन्हाळ्यात मी दुकानातच कूलरपुढे झोपतो. जेवणाचं ताटही टेबलावरच येतं, कारण लेन्स उघडी टाकून उठलं की धूळ बसते. धुळीचं कारण मी इतक्या वेळा सांगितलंय की ते आमच्या घराचा नियम होऊन बसलं. संडास-बाथरूम दुकानाच्या बाजूलाच. आठवून आठवून पाहिलं. मी स्वयंपाकघरात शेवटचा कधी गेलो होतो, ते मला सांगता आलं नाही.

"मोहिनी, मला भीती वाटते गं," मी म्हणालो.

"मला पन वाटायची," ती म्हणाली. "आता सवय झाली. तुम्ही एकदा तरी या ना तठी, स्वयंपाकघरात. रोज मीच येते." मग एकदम उठली. "दूध ठेवलंय मी गॅसवर."

ती बोळात शिरली. मी जागेवरूनच तिच्या चपलांचा आवाज मोजायला लागलो. अकरा झाले. चोपन्न झाले. साठपर्यंत मोजता आले, मग ऐकू येईनासे झाले.

७

त्या वेळी माझ्यापुढे अमळनेरच्या एका कॉलेजची लेन्स उघडी पडलेली होती. मी ती तशीच टाकून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा.

बोळात उजव्या हाताला गॅसची रिकामी टाकी असते, मग कॅलेंडर, मग उंबरा. भिंतीला हात लावून मी निघालो. तिसऱ्या पावलाला टाकी आली. बरोबर होतं. पुढे मी मोजत राहिलो आणि कॅलेंडर येईना. भिंत तीच होती, माझ्याच हाताने रंगवलेली, जागोजागी पोपडे. मी थांबून पायांकडे पाहिलं. पावलं नेहमीएवढीच पडत होती. समोर बोळाच्या टोकाला उजेडाचा एक चौकोन दिसत होता, पोस्टाच्या पाकिटाएवढा, आणि त्यात कोणीतरी हालचाल करत होतं. माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

कॅलेंडर तेविसाव्या पावलाला आलं. मे महिन्याचंच पान होतं. दुधाचे खाडे तिने पेनने गोल करून ठेवले होते. परत फिरावं असं वाटलं, हे लपवत नाही. मागे वळून पाहिलं तर माझं टेबल अजून तीनच ढांगांवर दिसत होतं. आणि ती रोज हे अंतर चहाचा ग्लास हातात घेऊन चालत होती, दिवसातून चार वेळा, आणि माझं बोलणं ऐकून परत जात होती.

मी मोजणं सोडलं नाही. मोजत राहिलो म्हणूनच चालवलं. चौकोन वहीएवढा झाला, मग दाराएवढा. एकाहत्तराव्या पावलाला माझा पाय उंबऱ्याला लागला.

स्वयंपाकघरात आल्याचा वास होता. मोहिनी ओट्याशी उभी होती, पूर्ण उंचीची, मला आठवत होती त्याहून उंच. कानामागचा तीळ. हातावर तेल उडाल्याचा जुना डाग. कित्येक वर्षांत मी ते पाहिलेलं नव्हतं, कारण फोटोत ते येत नाही. मी तिचं मनगट धरलं. ते गरम होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"आले तुम्ही," ती म्हणाली. तिने पातेलं उतरवलं, चहा गाळला आणि एक ग्लास माझ्या हातात दिला. चहा इतका गरम की जीभ पोळली. मी हसलो, तीही हसली. ओट्यावर तिने दुसरा ग्लास भरून ठेवला होता.

"हा तुझा ना?" मी विचारलं.

ती माझ्या खांद्यावरून बोळाकडे पाहत होती.

मी वळलो. बोळाच्या त्या टोकाला दुकान दिसत होतं, लांब आणि लहान, पण विलक्षण स्वच्छ. टेबलावरचा दिवा लागलेला होता. टेबलाशी एक माणूस बसला होता. बनियन घातलेला, डोळ्याला भिंग, हातात अमळनेरची उघडी लेन्स. मान खाली.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगतो. मी फरक शोधायला लागलो. जन्मभर तेच केलंय. डाव्या खांद्याचा उतार, टकलाची कड, बसताना आत वळणारा उजवा पाय, लेन्स धरताना वर राहणारी करंगळी. एक-एक बघत गेलो. त्याच्यात आणि माझ्यात मला काहीच फरक सापडला नाही.

"मोहिनी, चहा!" त्याने हाक मारली. मान वर न करता.

"जाऊ नको," मी म्हणालो. मनगट आणखी घट्ट धरलं. "तो मी नाही. मी इथे आहे. बघ माझ्याकडे."

तिने पाहिलं. इतक्या जवळून तिने माझ्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले होते तिचे. तिला थांबायचं होतं. हे मी शपथेवर सांगतो, तिला थांबायचं होतं. पण ग्लास तिने उचललेला होता. कधी उचलला ते तिलाही कळलं नसावं. चोवीस वर्षं त्या हाकेला तिने एकच उत्तर दिलं होतं.

"आले," ती म्हणाली.

तिचं मनगट मी सोडलं नाही. माझी बोटं अजून तशीच मिटलेली आहेत, त्यांच्यात मात्र काही नाही. ती बोळात कितीतरी पुढे गेली आहे, चहा सांडू नये म्हणून जपून चालते आहे, आणि मी इथून तिला हाका मारतो आहे.